टिकली मुंगी आणि चिबडाची पाटी

एक होती मुंगी. लाल लाल. एवढीशी! कपाळावर लावावी तेवढीच. म्हणून तिचं नाव टिकली.

मुंग्यांची रांग निघाली की टिकली सगळ्यांत शेवटी. तुरुतुरु चालायची, तरी शेवटीच. पाय छोटे ना!

टिकली राहायची येसूमावशीच्या परसात. परस म्हणजे घरामागची बाग. बागेत होते वाफे. मुळ्याचा वाफा. मेथीचा वाफा. भेंडीचा वाफा. वांग्याचा वाफा. आणि प्रत्येक वाफ्याला एक पाटी. बांबूची. पाटीवर अक्षर नाही हं! पाटीवर बी चिकटवलेलं. मुळ्याच्या पाटीवर मुळ्याचं बी. भेंडीच्या पाटीवर भेंडीचं बी. वाचता येत नाही? चालेल. ओळखता आलं की झालं!

येसूमावशी म्हणायची,

"पाटी आहे? राहू दे!
पाटी नाही? जाऊ दे!"

आणि बिनपाटीचं जे दिसेल ते उपटायची. खसक्!

घरात होते रावजीकाका. मावशीचे यजमान. काकांना पाट्यांचा भारी कंटाळा. काका म्हणायचे, "पाटी कशाला? मला आठवतं!"

आठवायचं का? छे! चष्मा डोक्यावर आणि काका शोधतायत माळ्यावर.

एकदा काय झालं, काकांच्या बंडीच्या खिशाला पडलं भोक. भोकातून पडलं एक बी. टुपुक! पडलं ते टिकलीच्या पुढ्यात.

टिकलीनं हुंगलं. हुंग हुंग. अहाहा! गोड गोड वास! चिबडाचं बी!

चिबूड ठाऊक आहे ना? पिवळं, मऊ, गोड. कापलं की घरभर वास.

"खाऊ का?" टिकली म्हणाली. "खाल्लं तर एकच घास. पेरलं तर ढीगभर!"

मग तिनं बी ओढलं. ओढ ओढ ओढलं. वांग्याच्या वाफ्याच्या कोपऱ्यात नेलं आणि मातीत पुरलं. रोज जाऊन बघायची. आज आलं? नाही. आज आलं? नाही. आज आलं? आलं, आलं! हिरवं हिरवं रोप आलं! रोपाच्या डोक्यावर टरफलाची टोपी.

टिकलीनं टोपी काढली. गवताच्या काडीला अडकवली. काडी रोपाशेजारी उभी केली. झाली पाटी! मावशीच्या पाटीसारखीच, फक्त एवढीशी.

टिकली खूप खूश झाली. रोपाभोवती गोल गोल नाचली.

आणि वारा आला. भुर्रर्रर्र!

पाटी उडाली!

तेवढ्यात मावशी आली. हातात खुरपं. पावसानं दडी मारली होती, ऊन पडलं होतं, म्हणून मावशी तण काढायला निघाली.

"मावशी, मावशी, माझं रोप उपटू नको!"

"पाटी कुठाय?"

"वाऱ्यानं नेली."

"मग ते तण. पाटी आहे? राहू दे! पाटी नाही? जाऊ दे!"

टिकलीचा चेहरा एवढासा झाला. डोळ्यांत पाणी आलं. मावशीनं खाली वाकून बघितलं.

"बरं बाई, रडू नको. मी मुळ्यापासून खुरपत येते. वांग्याला पोचेपर्यंत पाटी आण."

खसक्! खसक्! मावशी खुरपायला लागली.

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

शेवग्याच्या झाडावर बुलबुल घरटं विणत होती. घरट्यात काय अडकवलेलं? टिकलीची पाटी!

"बुलबुलताई, बुलबुलताई, पाटी दे.
पाटी मिळेना, मावशीचं खुरपं थांबेना!"

बुलबुल म्हणाली, "वा गं वा! काडी काढली तर घरट्याला भोक पडेल. माझी अंडी कुठं ठेवू? दुसरी काडी आण. मग देते पाटी."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

दारामागं होती केरसुणी.

"केरसुणीकाकू, केरसुणीकाकू, काडी दे.
काडी मिळेना, बुलबुल पाटी देईना.
पाटी मिळेना, मावशीचं खुरपं थांबेना!"

केरसुणी म्हणाली, "अगं, माझी कंबर सुटली! बघ कशी विस्कटले. अशात काडी दिली तर सगळीच सांडेन. कंबर बांधायला सोपट आण. मग देते काडी."

सोपट कुणाकडं? केळीकडं. केळीच्या बुंध्याची साल वाळली, की तिचं होतं सोपट. दोरीसारखं लांब लांब.

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"केळीमामी, केळीमामी, सोपट दे.
सोपट मिळेना, केरसुणी काडी देईना.
काडी मिळेना, बुलबुल पाटी देईना.
पाटी मिळेना, मावशीचं खुरपं थांबेना!"

केळ म्हणाली, "देते गं. पण घसा बघ किती कोरडा! आधी पाणी आण. मग देते सोपट."

खसक्! खसक्! मुळ्याचा वाफा झाला. मावशी मेथीत आली.

पळ टिकली, पळ!

हौदाजवळ होती झारी. पोट भरलेलं, सोंड वर.

"झारीबाई, झारीबाई, पाणी दे.
पाणी मिळेना, केळ सोपट देईना.
सोपट मिळेना, केरसुणी काडी देईना.
काडी मिळेना, बुलबुल पाटी देईना.
पाटी मिळेना, मावशीचं खुरपं थांबेना!"

झारी म्हणाली, "बुडबुड, बुडबुड. पोटात पाणी, नाकात चिखल! भोकं सगळी बुजली. टोचायला काटा आण. मग देते पाणी."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कुंपणाशी होतं लिंबाचं झाड. आंबट लिंबाचं. काटेच काटे!

"लिंबूदादा, लिंबूदादा, काटा दे.
काटा मिळेना, झारी पाणी देईना.
पाणी मिळेना, केळ सोपट देईना.
सोपट मिळेना, केरसुणी काडी देईना.
काडी मिळेना, बुलबुल पाटी देईना.
पाटी मिळेना, मावशीचं खुरपं थांबेना!"

लिंबूदादा म्हणाला, "आई गं! ही शेळी बघ! माझा पाला ओरबाडतेय. काटा तुला दिला तर हिला कशानं टोचू? शेळीला हलव. मग देतो काटा."

शेळी पाला खात होती. चरक चरक, चरक चरक.

"शेळीआत्या, शेळीआत्या, बाजूला हो.
शेळी हलेना, लिंबू काटा देईना.
काटा मिळेना, झारी पाणी देईना.
पाणी मिळेना, केळ सोपट देईना.
सोपट मिळेना, केरसुणी काडी देईना.
काडी मिळेना, बुलबुल पाटी देईना.
पाटी मिळेना, मावशीचं खुरपं थांबेना!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽऽ! एवढीशी तू आणि एवढी मी! तू सांगणार, मी हलणार? रावजीकाका येऊन दावं ओढतील, तेव्हाच हलेन."

चरक चरक. आणि तिकडून खसक् खसक्! मेथी झाली. मावशी भेंडीत आली.

टिकलीला धाप लागली. तरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

रावजीकाका अंगणात बसले होते. पुढ्यात सूप. काका डोक्याला हात लावून सुपाकडं बघत होते.

"रावजीकाका, रावजीकाका, उठा ना!
काका उठेनात, शेळी हलेना.
शेळी हलेना, लिंबू काटा देईना.
काटा मिळेना, झारी पाणी देईना.
पाणी मिळेना, केळ सोपट देईना.
सोपट मिळेना, केरसुणी काडी देईना.
काडी मिळेना, बुलबुल पाटी देईना.
पाटी मिळेना, मावशीचं खुरपं थांबेना!"

काका म्हणाले, "हळू बोल गं! मावशी ऐकेल! बियांना ऊन दाखवायला बसलो. वांगी, मिरची, टोमॅटो. तिन्ही एकाच सुपात घातली. मावशी म्हणाली पाट्या लावा. मी म्हटलं, कशाला? मला आठवतं! आणि मेला वारा आला, भुर्रर्रर्र! सगळ्या बिया एक झाल्या. सगळ्या चपट्या, सगळ्या पिवळ्या. आता कोणती कशाची? या निवडून झाल्याशिवाय मी काही उठत नाही."

टिकली सुपावर चढली. एक बी हुंगलं. हुंग हुंग... आक्छी! "ही मिरची!"

दुसऱ्या बीवर पाय ठेवला. बारीक बारीक लव. ही ही ही, गुदगुल्या! "हा टोमॅटो!"

तिसऱ्यावर पाय ठेवला. सुळ्ळकन घसरली. "हे वांगं!"

काका बघतच राहिले. "अगं, तुला कळतं की!"

कळत होतं. पण बिया ढीगभर आणि टिकली एकटी. ती म्हणाली, "काका, थांबा. माझ्या बहिणींना आणते!"

भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. तुरुतुरु तुरुतुरु. टिकली धावली शेपटाकडं. तीच तिची जागा ना!

"बायांनो, बायांनो, इकडं वळा!
बिया निवडून होईनात, काका उठेनात.
काका उठेनात, शेळी हलेना.
शेळी हलेना, लिंबू काटा देईना.
काटा मिळेना, झारी पाणी देईना.
पाणी मिळेना, केळ सोपट देईना.
सोपट मिळेना, केरसुणी काडी देईना.
काडी मिळेना, बुलबुल पाटी देईना.
पाटी मिळेना, मावशीचं खुरपं थांबेना!"

शेवटची मुंगी म्हणाली, "रांग कशी मोडू? पुढची वळली तर मी वळेन."

पुढची म्हणाली, "माझ्या पुढची वळली तर मी वळेन."

तिच्या पुढची म्हणाली, "माझ्या पुढची वळली तर मी वळेन."

आता?

टिकलीनं मान वर केली. रांग लांबच लांब. पहिली मुंगी पार तिकडं, उंबऱ्यापाशी. टिकली कधीच तिथं गेली नव्हती. भीती वाटली. पण रोप आठवलं. हिरवं हिरवं रोप, टोपीवालं रोप.

टिकली पळाली! रांगेच्या बाजूनं पळाली. हिला मागं टाकलं. तिला मागं टाकलं. सगळ्यांना मागं टाकलं. गेली पुढं, पुढं, सगळ्यांत पुढं! आणि वळली.

पहिली मुंगी वळली. मग दुसरी वळली. मग सगळी रांग वळली!

पुढं कोण? टिकली!

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! मुंग्या सुपात चढल्या. आक्छी! मिरची इकडं. ही ही ही! टोमॅटो तिकडं. सुळ्ळकन! वांगं मधे. आक्छी! ही ही ही! सुळ्ळकन! बघता बघता तीन ढीग झाले.

काकांनी तीन पुरचुंड्या बांधल्या. बांधून उठणार, तेवढ्यात टिकली म्हणाली, "काका, पाटी?"

"कशाला? मला आठव—"

टिकलीनं नुसतं बघितलं. एवढीशी मुंगी, पण काय तिचं बघणं!

काकांनी गुपचूप भाताची शितं आणली. मिरचीच्या पुरचुंडीवर मिरचीचं बी चिकटवलं. टोमॅटोच्या पुरचुंडीवर टोमॅटोचं. वांग्याच्या पुरचुंडीवर वांग्याचं.

"आता उठा!" टिकली म्हणाली.

खसक्! खसक्! भेंडी झाली! मावशी वांग्यात आली!

चला, चला, चला!

काका उठले, शेळीचं दावं ओढलं. "चल गं!" "बेंऽऽऽ!"
शेळी हलली, लिंबानं काटा दिला.
काटा मिळाला, झारीची भोकं टोचली. टोच टोच टोच! झारीनं पाणी दिलं. झुळझुळ झुळझुळ!
पाणी मिळालं, केळीनं सोपट दिलं. मुंग्यांनी ओढलं. हैय्या हो! हैय्या हो!
सोपट मिळालं, काकांनी गाठ मारली, केरसुणीची कंबर बांधली. केरसुणीनं काडी दिली.
काडी मिळाली, बुलबुलनं घरट्यात विणली. आणि बुलबुलनं पाटी दिली!

"थांब गं," बुलबुल म्हणाली, "तू चालत कधी पोचणार? बस माझ्या पाठीवर!"

फुर्रर्रर्र!

इकडं मावशी वांग्याच्या कोपऱ्यात आली होती. रोप दिसलं. पाटी दिसेना. मावशीनं मान हलवली. "आली नाही बिचारी." मावशी वाकली. दोन बोटं पुढं केली. रोपाला धरलं...

"थांऽऽऽब!"

वरून टिकली आली. टुपुक! पाटी मातीत खोचली. खच्च!

मावशीचं खुरपं थांबलं.

मावशीनं चष्मा पुसला. पाटीजवळ नाक नेलं. टरफल बघितलं. पुन्हा बघितलं. आणि मावशी मटकन खालीच बसली.

"अगं बाई! हे तर चिबूड! माझ्या आईच्या बागेतलं चिबूड! हे बी मी किती शोधलं! अहो, इकडं या! चिबडाचं बी कुठं ठेवलंय विचारलं, तर काय म्हणाला होतात?"

काका खाकरले. "म्हटलं होतं... मला आठवतं."

"आणि होतं कुठं?"

काकांनी बंडीच्या खिशात हात घातला. भोकातून बोट बाहेर आलं. एवढं मोठं भोक!

मावशी हसली. काका हसले. टिकली तर हसून हसून पाटीवरून घसरली.

"टिकले," मावशी म्हणाली, "मी हे उपटणार होते गं. माझ्या आईचं चिबूड मीच उपटणार होते. तू वाचवलंस!"

मावशी उठली. बांबूची पाटी आणली, चांगली जाड. तिच्यावर टिकलीचं टरफल चिकटवलं. मग घरात गेली. आरशावर तिच्या टिकल्या लावलेल्या होत्या. त्यांतली एक लाल टिकली काढून आणली आणि टरफलाशेजारी लावली.

"हे कसलं रोप? चिबडाचं. कुणाचं रोप? टिकलीचं! आता कुणीही बघावं आणि ओळखावं."

पाटी ठोकली. ठक् ठक् ठक्!

आणि पुन्हा वारा आला. भुर्रर्रर्रर्र!

वांगी हलली. भेंडी हलली. काकांची टोपी उडाली. मावशीचा पदर उडाला.

पाटी हलली का?

नाही हलली!

मग पाऊस आला. रोपाचा वेल झाला. वेल वांग्यातून गेला, कुंपणावर चढला, लिंबाखालून वळला. वेलाला फूल आलं. पिवळं पिवळं. फुलाचं झालं चिबूड. एवढं! मग एवढं! मग एऽऽऽवढं!

एके दिवशी परसात वास सुटला. अहाहा! बुलबुल आली. शेळी बेंऽऽऽ म्हणाली. काका पाट घेऊन आधीच बसले.

मावशीनं चिबूड कापलं. काकांनी हात पुढं केला.

"थांबा हो!" मावशी म्हणाली. "ज्याची पाटी, त्याची पहिली फोड!"

पहिली फोड मावशीनं पाटीखाली ठेवली. केळीच्या पानावर. मुंग्यांची रांग निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. लांबच लांब रांग. आणि पुढं कोण?

टिकली!

खाल्लं, खाल्लं, पोट टुम्म झालं. सगळ्यांना मिळालं. बुलबुलला मिळालं, तिच्या पिल्लांना मिळालं. शेळीला सालं मिळाली.

बिया काकांनी धुतल्या. बिया काकांनी वाळवल्या. बिया काकांनी पुरचुंडीत बांधल्या. मावशीनं विचारलं, "अहो, आठवेल ना, यात काय आहे ते?"

"आठवेल की!" काका म्हणाले. "पण पाटी लावतो!"

लावलीसुद्धा. एक शीत, एक बी, आणि शेजारी एक लाल टिकली.

पिकलं चिबूड, सुटला देठ,
आमची गोष्ट पोटात थेट!